संगणकाची बैठक: औरंगपुऱ्यातील गृहस्थांसाठी मार्गदर्शक सूचना

घरात संगणक आला की आधी तो दाखवायचा असतो, काम नंतर. या दाखवण्यालाच सेटअप म्हणतात. यूट्यूबवर असे सेटअप पैशाला पासरी आहेत: पांढरी भिंत, शिसवी टेबल, कुंडीत एकच रोपटे आणि वायरचा कुठे मागमूस नाही. त्या खोलीत माणसे राहत असतील असे वाटत नाही. औरंगपुऱ्यात राहतात. इथे धूळ येते, वीज जाते आणि मंडईतून आलेली मेथी निवडायला घरातली सर्वांत मोठी सपाट जागा लागते. म्हणून इथल्या परिस्थितीस अनुसरून पुढील सूचना दिल्या आहेत. त्या क्रमानेच पाळाव्यात.

१. स्थाननिश्चिती

प्रथम वास्तुशास्त्र विचारावे. विजेची वस्तू म्हणून कोणी आग्नेय सांगेल, आई म्हणेल देवघराकडे पाठ नको, वडील म्हणतील माझ्या बातम्यांच्या आड येऊ नका. सगळ्यांचे शांतपणे ऐकून घ्यावे आणि जिथे थ्री-पिनचा प्लग आहे तिथे टेबल लावावे. जुन्या वाड्यात असा प्लग बहुधा एकच असतो, त्यामुळे मतभेद लवकर मिटतात. प्लगला अर्थिंग आहे का, हे मात्र वायरमनला बोलावून तपासावे. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो संगणकाचा उत्साह समजू नये.

खिडकी मॉनिटरच्या समोर किंवा मागे नको, बाजूला असावी. समोरच्या गच्चीवरचे ऊन पडद्यात दिसू लागले की एक्सेलमधले काही दिसत नाही.

२. उंची

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि पडदा हातभर लांब, हा जागतिक नियम आहे. त्यासाठी परदेशात अ‍ॅल्युमिनियमचे स्टँड घेतात. आपण औरंगपुऱ्यात, म्हणजे पुस्तकांच्या बाजारात राहतो याचा विसर पडू देऊ नये. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्याआधीचे बहुपर्यायी प्रश्नांचे जाडजूड संच ज्यांच्या घरी पडून आहेत, ते सुटकेच्या आनंदात देऊन टाकतात. असे दोन-तीन संच रचले की मॉनिटर बरोबर उंचीवर येतो. ज्ञान पायाशी असावे, हेही साधते.

३. वीज

वीज गेली की प्रथम गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांना ‘तुमचीही गेली का?’ असे विचारावे. त्यांचीही गेली असेल तर मन शांत होते. आपलीच गेली असेल तर फ्यूज पाहावा. एवढा वेळ मिळावा म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस घ्यावा. तो साध्या संगणकाला दहा-पंधरा मिनिटे तगवतो. ती मिनिटे फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यासाठी असतात, ‘हे एवढं पान संपवतो’ यासाठी नसतात.

घरच्या इन्व्हर्टरवरच संगणक चालवायचा असेल तर मागचे बटण ‘यूपीएस’कडे आहे का ते पाहावे. दुसऱ्या मोडवर पंखा नुसता क्षणभर दचकतो, संगणक मात्र मूर्च्छित होतो. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही लावू नये. त्याचा रूळ तापताना एवढी वीज ओढतो की यूपीएस किंचाळून मान टाकतो.

४. उपकरणे व उपासना

खटखट वाजणारा महागडा मेकॅनिकल कीबोर्ड घेण्यापूर्वी शेजारच्या खोलीत कोण झोपते ते पाहावे. त्या पैशांत जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. चहा होईपर्यंत सुरू होणारे मशीन आधण येण्याआधी सुरू होते, फक्त चहाचे निमित्त जाते.

दसऱ्याला संगणकाची पूजा होणारच. त्यावर वाद घालू नये. हळदकुंकू मॉनिटरच्या चौकटीला लावावे, कीबोर्डवर अक्षता टाकू नयेत आणि झेंडूचा हार पंख्याच्या जाळीवरून काढून घ्यावा. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने आतली धूळ झाडावी. हेच काम मे महिन्यापूर्वीही एकदा करावे, कारण आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा धुळीने भरलेला पंखा विमानतळाची आठवण करून देतो.

५. सॉफ्टवेअर

येथवरच्या सूचना चुकल्या तरी फार बिघडत नाही. ही चुकली तर सगळा खर्च पाण्यात.

लग्नपत्रिका, लेटरहेड आणि दशक्रियेचे निमंत्रण एकाच दुपारी करून देणारी डीटीपीची दुकाने सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे पेजमेकरमध्ये जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये केलेले काम आजही कोणाकोणाच्या सीडीत आहे. अशी फाइल घरी उघडावी. आजोबांच्या पंचाहत्तरीचा गौरवलेख इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरच्या चिन्हांनी भरून येतो. कारण त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. फाँट गेला की चित्रे गेली. त्या काळी दुसरा इलाज नव्हता, आज आहे. १९९१ पासूनच्या युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’ म्हणजे ०९१५, मग संगणक कोणाचाही असो.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. तो विंडोजमध्ये फुकट असतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट धरले की ‘ख’. पहिली परीक्षा म्हणून ‘औरंगपुऱ्यात’ हा शब्द लिहावा. साधा ‘र’ वापरला तर ‘औरंगपुर्यात’ होते आणि आपला पत्ता सूर्याच्या घरी जातो. शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग तिरक्या रेघेची कळ, शेवटी ‘ई’, की ‘ऱ्या’ची चंद्रकोर उमटते. ही चंद्रकोर ज्या फाँटात नीट दिसते तो ठेवावा, बाकीचे कितीही देखणे असोत.

६. बॅकअप

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत घराबाहेर, असा नियम आहे. घराबाहेरची प्रत सासुरवाडीला ठेवावी. तिथून ती हलत नाही, आणि सणावारी गेल्यावर तपासताही येते. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हीच फायनल’ अशी नावे न देता तारीख द्यावी.

७. अंतिम तपासणी

सेटअपचे फोटो काढून तपासणी होत नाही. शेजारच्या काकूंना अर्ज टाइप करायचा आहे, एवढी बातमी जाऊ द्यावी. त्या बसल्या असताना वीज गेली, तरी अर्ज जिवंत राहिला, ‘औरंगपुरा’ सगळ्या विभक्तींत नीट छापला गेला आणि पुढच्या वर्षी त्याच अर्जात फक्त तारीख बदलून चालले, तर बैठक जमली असे समजावे. टायपिंगचे पैसे काकूंकडून घेऊ नयेत. कागदाचे मात्र घ्यावेत; नाहीतर दुसऱ्या दिवशी अख्खा वाडा झेरॉक्ससाठी आधारकार्डे घेऊन दारात उभा राहतो.