मिटिंग म्हणजे डोळे मिटणे

इंग्रजी शब्द आला की तो आपल्या घरचाच करायचा, ही मराठी माणसाची जुनी खोड. पलटणीतल्या पहारेकऱ्याचं इंग्रजी ‘कोण येतंय तिथं?’ इथल्या जिभेवर ‘हुकुमदार’ झालं. लॉर्डाचा ‘लाटसाहेब’ झाला. (लाट येते तशी जातेही, हे साहेबाला १९४७ साली कळलं.) सावरकरांनी मेयरला ‘महापौर’ असा घसघशीत पर्याय दिला. आमच्या सोसायटीतले अण्णा एवढे कष्ट घेत नाहीत. शब्द तोच ठेवून ते फक्त त्याचं पोट फाडतात.

परवा लिफ्टच्या दुरुस्तीसाठी बैठक होती. पहिल्या दहा मिनिटांतच सेक्रेटरींची मान छातीवर टेकली. अण्णा पुटपुटले, “यालाच मिटिंग म्हणतात. डोळे मिटण्यावरून.” मग कमिटीचा अर्थ आला: काम कमी, टी जास्त. लिफ्टची वॉरंटी? “वारं-टी. दुकानाबाहेर पडलं की वारं लागून उडते.” खर्चासाठी बँकेचं लोन घ्यावं, असं कुणी सुचवताच अण्णा दचकले. “नको रे, ते एका घरात आलं की चाळभर पसरतं. लोणच ते!”

मी विचारलं, “अण्णा, आणि मॅनेजर?”

“म्हणे-जर,” अण्णा म्हणाले. “म्हणे, जर टार्गेट झालं, तर पगारवाढ.” स्वतः छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस! या व्युत्पत्तीवर मात्र कुणी हसलं नाही.

लिफ्ट अजून बंदच आहे. अण्णा चौथ्या मजल्यावर राहतात.