नंबर येऊ दे

कॉलर आयडी, म्हणजे घरच्या टेलिफोनला जोडायची आणि फोन करणाऱ्याचा नंबर एका बोटभर पडद्यावर दाखवणारी डबी, ज्या घरात आली त्या घरात एक विशिष्ट मनुष्यप्रकारही उदयास आला, आणि तो प्रत्येक वाचकाच्या नात्यात एखादा तरी असल्यामुळे त्याची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. फोन वाजला असता सामान्य माणूस रिसीव्हर उचलतो. हा गृहस्थ रिसीव्हर उचलू पाहणाऱ्याचा हात धरतो आणि "थांब, नंबर येऊ दे" असे म्हणतो. नंबर आला की तो चष्मा शोधतो, चष्मा सापडला की वही शोधतो, वहीत तो नंबर सापडेपर्यंत घंटी थांबते, आणि मग तो स्वतःच्या पैशाने त्याच नंबरावर फोन लावून "तुमचा फोन आलेला, एवढंच सांगायला फोन केला" असे कळवतो व पलीकडच्याने मूळ कामाचा विषय काढण्यापूर्वीच, बिल चढू नये म्हणून, रिसीव्हर ठेवून देतो.

या प्रकाराचा अत्यंत निर्दोष नमुना महाड तालुक्यातील वीर येथे पाहावयास मिळत असे, आणि त्यास स्थानिक कारणे होती. महाड-पोलादपूरकडील घरांची कर्ती माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईत आणि म्हातारी माणसे गावी, अशी विभागणी असल्यामुळे कोण निघाला, कोण पोचला आणि कोणाला रजा मिळाली नाही, हा येथील संसाराचा मुख्य पत्रव्यवहार होता. 1993 साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला आणि 1998 साली संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हा गाडीने वीरला उतरणाऱ्या मुंबईकरांच्या वेळापत्रकाची भर त्या पत्रव्यवहारात पडली. अशा गावात, मुंबईतली नोकरी संपवून परतलेला, हिशेबी, रिकामा आणि घरात टेलिफोन असलेला गृहस्थ म्हणजे ज्याला सारी आळी अप्पा म्हणते तो. त्याचे आडनाव येथे अनावश्यक आहे, कारण अप्पा हे एका माणसाचे नाव नसून पदाचे नाव आहे.

डबीचे कार्य समजून घेतल्याशिवाय अप्पांचे कार्य समजणार नाही. फोन करणाऱ्याचा नंबर पलीकडे पोचवण्याच्या कल्पनेवर थिओडोर पारास्केव्हाकोस या ग्रीक अभियंत्याने 1960 च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू केले. पुढे ती दोन रीतींनी प्रचारात आली. पहिल्या रीतीत एक्स्चेंज घंटी वाजवण्यापूर्वीच, बटणे दाबताना ऐकू येतात तसल्या सुरांतून, नंबर पाठवते. दुसऱ्या रीतीत पहिली घंटी होऊन गेल्यावर, ट्रिंग-ट्रिंग आणि पुढची ट्रिंग-ट्रिंग यांच्यामधल्या सुमारे 2 सेकंदांच्या शांततेत, दोन कंपनसंख्यांमध्ये भराभर पालटणाऱ्या संकेतातून नंबर, महिना, तारीख आणि वेळ धाडली जाते. अप्पांच्या घरी दुसरी रीत होती. तीत पहिल्याच घंटीला रिसीव्हर उचलला तर नंबर पाठवण्याची ती शांतता येतच नाही आणि पडदा कोरा राहतो, ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेली असते. अप्पांनी मात्र ती कुलाचाराप्रमाणे घरात लागू केली.

तथापि हे ज्ञान त्यांना सुखासुखी झाले नाही. डबीला मागे दोन खोबणी असतात. भिंतीवरच्या रोझेटमधून, म्हणजे बाहेरची तार जिथे संपते त्या चौकोनी डबीतून, आलेली वायर 'लाइन' असे लिहिलेल्या खोबणीत आणि टेलिफोनची वायर 'फोन' असे लिहिलेल्या खोबणीत खोचायची, बारीक पेन्सिल सेल घालायचे आणि एक्स्चेंजकडे ही सुविधा चालू करण्याचा लेखी अर्ज द्यायचा, एवढाच विधी आहे. यांपैकी सर्वांत अवघड भाग, म्हणजे अर्ज, अप्पांनी "महोदय" पासून "आपला विश्वासू" पर्यंत निर्दोष पार पाडला. मग चाचणीसाठी ते महाडला गेले आणि पिवळ्या पाटीच्या एका एसटीडी-पीसीओतून, म्हणजे पैसे देऊन फोन करण्याच्या दुकानातून, त्यांनी स्वतःच्याच घरी फोन लावला. काकूंनी तो पहिल्याच घंटीला उचलला. नंबर आला नाही. अप्पांनी पुन्हा लावला. नवरा परगावाहून पुन्हा फोन करतो म्हणजे काहीतरी बरेवाईट घडले, अशा काळजीने काकूंनी तो त्याहून लवकर उचलला. अखेरीस "उचलू नकोस" हे सांगण्यासाठी केलेला फोनही त्यांनी उचललाच, आणि त्या दिवशी पीसीओवाल्याचा धंदा चांगला झाला. लाइनमनने डीपी बॉक्सपासून, म्हणजे आळीच्या तारा जिथे वाटल्या जातात त्या पेटीपासून, घरात येणाऱ्या ड्रॉप वायरपर्यंत सगळी तपासणी करून फॉल्ट कोठेही नाही असा निर्वाळा दिल्यावर अप्पांनी माहितीपत्रक प्रथमच अखेरपर्यंत वाचले, आणि "थांब, नंबर येऊ दे" या वचनाचा जन्म झाला.

डबीवर महिना आधी आणि तारीख नंतर येते, त्यामुळे 6 डिसेंबरचा फोन अप्पांनी 12 जूनच्या पानावर नोंदवला, हा प्रमाद किरकोळ समजावा. खरा घोटाळा 'पी' या अक्षराने केला. नंबराऐवजी पडद्यावर नुसता पी उमटला, तर फोन करणाऱ्याने आपला नंबर दिसू नये अशी व्यवस्था घेतली आहे, असा त्याचा अर्थ असतो. भारतात ही सवलत सामान्य ग्राहकाला सहजासहजी मिळत नसे, म्हणून वीरसारख्या गावी पी उमटला तर फोन एखाद्या फार वरच्या अधिकाऱ्याचा असावा किंवा वाटेत काहीतरी बिघडलेले असावे, एवढ्या दोनच शक्यता तर्कशास्त्र मान्य करते. अप्पांनी तिसरी मान्य केली. महाडच्या शेजारी पोलादपूर आहे, पोलादपुरात अप्पांचे व्याही आहेत, आणि पोलादपूर हे नाव पी पासून सुरू होते. सबब पी उमटला रे उमटला की घंटी थांबेपर्यंत शांतपणे बसून, मग त्या काळच्या नियमाप्रमाणे जवळच्या जिल्हाभागासाठी शून्याऐवजी 95 आणि पुढे पोलादपूरचा 2191 लावून, अप्पा व्याह्यांना सांगत, "व्याहीबुवा, तुमचा फोन आलेला, एवढंच सांगायला फोन केला."

व्याही सज्जन होते. पहिल्या वेळी त्यांनी घरात सर्वांना विचारून फोन कोणीही केला नसल्याचे कळवले. दुसऱ्या वेळी शपथ घेतली. तिसऱ्या वेळी त्यांच्या घरात सुनेवर, म्हणजे अप्पांच्याच मुलीवर, चोरून माहेरी फोन केल्याचा संशय घेण्यात आला आणि तिला रडू आले. तिने घडला प्रकार बापाला कळवण्यासाठी खरोखरच शेजारून फोन केला, तेव्हा पडद्यावर पोलादपूरच्या कोडासह एक अनोळखी नंबर स्वच्छ उमटला. वहीत तो नव्हता म्हणून अप्पांनी तो उचलला नाही. पोलादपूरहून फोन आला तर पी यायला हवा, आकडे कसे येतील, हा त्यांचा युक्तिवाद एकदा गृहीतक मान्य केल्यावर बिनतोड होता. याच पद्धतीने, दुरून नंबर न पोचल्यास उमटणारा 'ओ' हा त्यांनी ओळखीच्या माणसासाठी राखीव असल्याचे ठरवले होते. मात्र ओळखीचा कोण, हे कळण्याची सोय नसल्यामुळे त्या दिवशी ते ओळखीच्या प्रत्येकाला फोन करीत.

या यंत्राने पाळतीचे काम केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. नंबराआधीचा कोड गाव सांगतो, आणि गाव सांगितले की निम्मे कुटुंब उघडे पडते. "मुंबईहून बोलतोय" असे सांगणाऱ्या पुतण्याच्या नंबरामागे 022 नसून 020 होता, यावरून तो पुण्यात आहे, पुण्यात आपले कोणी नाही, म्हणजे ज्याअर्थी तो गेला त्याअर्थी मुलगी पाहायला गेला, आणि ज्याअर्थी लपवतो त्याअर्थी ती त्यानेच ठरवलेली आहे, असा शोध अप्पांनी संध्याकाळपर्यंत लावून आळीत जाहीर केला. तो अक्षरशः खरा निघाल्यामुळे त्यांना पुढे आवरणे अशक्य झाले. पुतण्यांनी मग दर वेळी निराळ्या पीसीओतून फोन करण्याचा मार्ग पत्करला. त्याला उत्तर म्हणून अप्पांच्या वहीत 'पीसीओ, लालबाग', 'पीसीओ, परळ नाक्याजवळ, रेडिओ चालू' अशा नोंदी येऊ लागल्या, आणि या नोंदी एकत्र केल्यास गिरणगावाचा एक बऱ्यापैकी नकाशा तयार झाला असता. पुढे मुंबईचे नंबर सातांचे आठ आकडी झाले आणि प्रत्येकाच्या आरंभी 2 वाढला, त्या वेळी अप्पांनी सबंध वही पुन्हा लिहून काढली. सरकारी निर्णयाची इतकी मनोभावे अंमलबजावणी रायगड जिल्ह्यात क्वचितच झाली असेल.

मोबाइलने हा प्रकार संपवला असा समज आहे, तो वरवरचा आहे. मोबाइलने डबी संपवली. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात घरापर्यंत आलेली तांब्याची तार एकदा तुटली ती कोणी जोडली नाही. पण अप्पा शाबूत राहिले, इतकेच नव्हे तर ते सर्वांच्या अंगी शिरले. अनोळखी नंबर न उचलणे ही ज्या काळी वीरमध्ये चेष्टेची बाब होती ती आज मुंबईत शहाणपणाची बाब मानली जाते, आणि हाक आली असता ओ देण्यापूर्वी हाक मारणाऱ्याची लायकी तपासण्याचा जो विधी अप्पा वही घेऊन उघडपणे करीत, तोच उच्चशिक्षित लोक टेबलाखाली फोन उलटा धरून करतात. फरक असलाच तर अप्पांच्या बाजूचा आहे: ते न उचललेल्या प्रत्येक फोनला उलट फोन करीत. दुसऱ्यांच्या फोनमधली नावे गोळा करून आलेल्या नंबराचे नाव सांगणारे ट्रूकॉलर जेव्हा नातीने त्यांना दाखवले, तेव्हा स्वतःच्या नंबरापुढे कोणीतरी साठवलेले 'वीर अप्पा उचलू नये' हे नाव वाचून त्यांना राग आला नाही. यात तालुका लिहिलेला नाही, एवढाच आक्षेप त्यांनी घेतला.

अप्पांच्या वहीचे एकूण मोल ठरवताना मात्र त्यातली काही पाने वेगळी काढावी लागतात, आणि ती काढताना या प्रकाराची थट्टा करणाऱ्याला थोडे अवघडल्यासारखे होते. जुलै 2005 च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले आणि दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून माणसे घरांसह गाडली गेली. यांपैकी दासगाव वीरचे शेजारी. रस्ते चिखलाने बंद, वीज नाही, मुंबईतही 26 जुलैच्या पावसाने माणसे जागच्या जागी अडकलेली, आणि बहुतेक फोन मुके. अशा स्थितीत अप्पांची लाइन इतरांच्या आधी सुरू झाली. तो नंबर मुंबईत कोणी कोणाला दिला याचा हिशेब नाही, पण घंटी अहोरात्र वाजू लागली. अप्पा फोनशेजारी स्टूल टाकून बसले आणि पहिल्या घंटीचा निम्मा भाग होतो न होतो तोच रिसीव्हर उचलू लागले.

त्यामुळे त्या दिवसांत पडद्यावर एकही नंबर आलेला नाही. वहीच्या पानांवर नंबरांच्या रकान्यात माणसांची नावे आहेत, वेळेच्या रकान्यात वाडी आणि घराची खूण आहे, आणि तिसऱ्या रकान्यात कोठे 'सुखरूप', कोठे 'मामाकडे आहेत', कोठे 'शाळेत आहेत' असे लिहिले असून काही ओळींपुढचा रकाना रिकामा आहे. ती माहिती आणायला अप्पा आणि आळीतली पोरे चिखल तुडवत जात, आणि तेवढा वेळ फोनपाशी काकू बसत, ज्यांना उचलण्याचा सराव पूर्वीपासून होता. उलट फोन करून "तुमचा फोन आलेला" असे सांगण्याची पाळी त्या काळात कोणावर आली नाही.

यावरून स्वभाव पालटला असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पाऊस ओसरला, वीज आली, मुंबईकर स्वतःच गावी येऊन पाहून गेले, घंटीची वर्दळ कमी झाली, आणि एका सकाळी फोन वाजला असता काकूंनी हात पुढे करताच अप्पांनी तो धरला. पडद्यावर पी होता. घंटी थांबली. अप्पांनी 95 लावून पोलादपूरला फोन केला आणि "व्याहीबुवा, तुमचा फोन आलेला, एवढंच सांगायला फोन केला" असे म्हटले. पलीकडे व्याही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "हो, आमचाच होता."

त्या दिवसाच्या पानावर अप्पांनी लाल शाईने नोंद केली आहे: पी म्हणजे पोलादपूर, खात्री झाली.