उडती तबकडी, मु. पो. हैदराबाद

परग्रहावरच्या पाहुण्यांना एकदा विचारायला हवं: बाबांनो, तुम्ही नेहमी संरक्षण खात्यालाच कसे दिसता? आभाळाकडे बघणं हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्या खगोलशास्त्रज्ञांपासून तोंड लपवता आणि पहाऱ्यावरच्या जवानापुढे मात्र मिरवता!

आधी आपल्या घरचंच बघू. हिमायतनगरात माणूस एरवी मान वर करतो ती लिबर्टीचा सिग्नल सुटला का, एवढं बघायला. पण ७ डिसेंबर २०२२ला हैदराबादच्या आभाळात पांढरा गोळा तरंगताना दिसला आणि शहराच्या माना वर गेल्या. मोबाइल निघाले. तबकडी ठरलीसुद्धा. तिकडे विकाराबाद जिल्ह्यातल्या एका शेतात भलीमोठी कुपी उतरली. गाव लोटलं, पोलीस धावले.

निघाला फुगा.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र याच शहरात, ईसीआयएलकडे आहे. काल-परवाचं नव्हे, पन्नासहून अधिक वर्षांचं. त्या दिवशी तिथून अंतराळ-पर्यटनाची स्वप्नं विकणाऱ्या एका स्पॅनिश कंपनीची रिकामी कुपी वर गेली होती. पर्यटक अजून यायचे होते, बघे मात्र आले.

एरवी फुगे सोडायच्या आधी संस्था रीतसर निवेदन काढते. उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतील, वाऱ्याची लहर लागली तर नांदेड, लातूर, सोलापूरकडेही. हात लावू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर आहे. स्वतःचा फोन नंबर घेऊन फिरणारी अज्ञात वस्तू दुसरीकडे कुठे बघितलीत? पण निवेदन वाचायचं कुणी? व्हिडिओ पुढे धाडायला वाचावं लागत नाही.

असो, आपण सामान्य माणसं. लष्कराकडे तर रडार असतं.

लडाखमध्ये होतंच. ऑगस्ट २०१२पासून पँगाँग सरोवराच्या बाजूला जवानांना रात्री उजळ गोळे दिसू लागले. फेब्रुवारीपर्यंत नोंदी झाल्या ३२९. त्यांतल्या १५५ वेळा म्हणे गोळ्यांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषाही ओलांडली. चिनी ड्रोन, दुसरं काय असणार? फिरतं रडार आणलं. रडार गप्प. मग वस्तू धातूची नसावी, असा तर्क निघाला. रडारला काही दिसत नाही, म्हणजे शत्रू जास्तच हुशार!

शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. त्यांनी नोंदींतल्या वेळा ताडून पाहिल्या. संध्याकाळी उगवून पहाटेपर्यंत टिकणारा घुसखोर होता गुरू. पहाटे येणारा शुक्र.

रडार बिचारं खरंच बोलत होतं. त्याची लहर गुरूपर्यंत जाऊन परत यायची तर तासाहून जास्त वेळ लागतो. तोवर तर पहारा बदलतो.

आणि या संस्थेची वेधशाळा कुठे? हानलेला, म्हणजे लडाखमध्येच! शुक्राची चांदणी बघून बैल जुंपणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याने हा तपास चहा निवायच्या आत मिटवला असता. पण शेतकऱ्याला विचारायचं तर ते कोणत्या खात्यामार्फत?

जवानाला हसू नका. त्याने दिसलं ते, दिसलं त्या वेळेसकट लिहिलं, म्हणून तर ग्रह सापडले. 'चिनी' हा शेरा मारला तो वरच्यांनी. आणि १५ एप्रिल २०१३ला चिनी खरोखरच आले. आभाळातून नव्हे, पायवाटेने. देपसांगमध्ये तंबू ठोकून तीन आठवडे राहिले. त्यांची ओळख पटवायला खगोलशास्त्रज्ञ लागला नाही.

अमेरिका तरी शहाणी? जुलै १९५२मध्ये खुद्द वॉशिंग्टनच्या रडारवर ठिपके नाचले, लढाऊ विमानं उडाली, मग जनरलसाहेबांनी पत्रकारांना बोलावून खापर फोडलं हवेच्या उष्ण-गार थरांवर. १९६९ला हवाई दलाने तबकड्यांचं दप्तर बंद केलं तेव्हा एकूण प्रकरणं १२,६१८, न सुटलेली ७०१. उरलेल्या ११,९१७ प्रकरणांवर कुणी सिनेमा काढला?

फेब्रुवारी २०२३मध्ये तर कमाल झाली. चिनी फुगा अख्खी अमेरिका ओलांडून गेला, तेव्हा साहेबांना आठवलं की संथ आणि बारकं काही दाखवूच नकोस, असं आपणच रडारला शिकवलंय. नाहीतर पडद्यावर नुसते पक्षी नि ढग. त्यांनी चाळणी सैल केली. १० ते १२ फेब्रुवारी, रोज एक अज्ञात वस्तू पाडली! मग अध्यक्षच म्हणाले, बहुधा कुणा कंपनीचे, हौशी मंडळींचे नाहीतर संशोधकांचे फुगे असावेत. आभाळ होतं तेवढंच होतं. चाळणीची भोकं तेवढी वाढली होती.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला इंफाळ विमानतळाजवळ कायसंसं दिसलं. तीनेक तास उड्डाणं बंद. राफेल धाडल्याच्या बातम्या आल्या. हाती काही लागलं नाही. प्रवाशांना मात्र विमान लेट होण्याचं ऐकण्याजोगं कारण प्रथमच मिळालं.

आता वरून खरंच कुणी येतं का, हे ज्यांना मनापासून विचारायचं होतं, त्यांनी काय केलं? जयंत नारळीकर आणि मंडळींनी २००१मध्ये आणि पुन्हा २००५मध्ये हैदराबादच्या याच केंद्रातून फुगा सोडला. ४१ किलोमीटरपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. २००५चे नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेत आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत वेगवेगळे तपासले. जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांचं नाव मिळालं.

रडार नाही, राफेल नाही, शेरा नाही. हे जिवाणू परग्रहावरचेच, असा दावासुद्धा नाही! मूळ गाव कोणतं, हा रकाना त्यांनी चक्क कोरा सोडला.

फाइलवाल्यांनी तिथे 'चीन' लिहिलं असतं.