राजमान्य राजेश्री अ‍ॅप्स पासवर्डसाहेब यांसी

राजमान्य राजेश्री अखंडितलक्ष्मीअलंकृत अ‍ॅप्स पासवर्डसाहेब यांसी,

रात्रपाळीच्या डीबीएचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले खरे नाव या खुल्या पत्रात लिहीत नाही. गुपित फुटेल म्हणून नव्हे. आमच्या कारखान्यात ते सगळ्यांना पाठ आहे, आणि नोकरी सोडून गेलेल्यांनाही. ईआरपी बसवायला आलेले कन्सल्टंट आता कुणी बंगळुरूत असतील, कुणी टेक्सासात; झोपेतून उठवून विचारले तरी ते आपले नाव कॅपिटल-स्मॉलसकट सांगतील. मग शाई कशाला वाया घालवा?

ज्यांना आपली योग्यता ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ओरॅकलच्या ई-बिझनेस सूटमध्ये खरेदी, स्टोअर, हिशेब अशा प्रत्येक खात्याची स्कीमा वेगळी, तिचा पासवर्ड वेगळा. अ‍ॅप्स ही स्कीमा मात्र त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली. आपण हाती असलात की पगाराचे टेबल उघडते, पुरवठादाराच्या नोंदी फिरवता येतात, आणि त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही.

एवढा अधिकार असल्यावर नियमांची कटकट आपल्यामागे कोण लावणार? ती स्टोअरमधल्या काकांच्या वाट्याला आली आहे. दर नव्वद दिवसांनी त्यांना नवा पासवर्ड लागतो. 'हार्ड टू गेस' हा ऑप्शन चालू आहे, म्हणजे एक तरी अक्षर हवे, एक तरी आकडा हवा, स्वतःचे यूजरनेम आत नको आणि तेच अक्षर लागोपाठ दोनदा नको. काका वारकरी. त्यांनी भक्तिभावाने विठ्ठलाचे नाव घातले, पुढे आषाढीची तारीख. सिस्टिमने विठ्ठल परत पाठवला. रोमन लिपीत त्याच्या मध्यभागी दोन टी खांद्याला खांदा लावून उभे असतात. मग पांडुरंग चालला. तीन महिन्यांनी जुनाच पांडुरंग नको म्हणाले, म्हणून पांडुरंग-दोन. काका सध्या पांडुरंग-सातवर आहेत आणि चालू आकडा मॉनिटरच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवतात. याला आमच्याकडे सुरक्षा धोरण म्हणतात.

आता काकांचा हा पांडुरंग राहतो कुठे? आपल्याच कुलपात. ई-बिझनेस सूटच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक यूजरचा पासवर्ड एफएनडी_यूजर नावाच्या टेबलात एन्क्रिप्ट होऊन बसतो, आणि त्याची किल्ली म्हणजे आपण. ज्याला आपण ठाऊक, त्याला तो उलगडता येतो. म्हणजे काकांनी दर तिमाहीला पितळी कुलूप बदलायचे आणि साऱ्या वाड्याची मास्टर किल्ली मात्र दारावरच्या खिळ्याला! ओरॅकलने यावर उपाय दिलेला आहे: यूजरचे पासवर्ड एकदा हॅशमध्ये नेले की ते उलटे उलगडत नाहीत. ते काम आमच्याकडे 'फेज टू'मध्ये आहे. फेज टू कधी, हे विचारणारे फेज वनमध्येच रिटायर झाले.

आपले घराणे थोर, त्याला आपण तरी काय करणार? जुन्या ओरॅकल डेटाबेसमध्ये सिस्टिम या यूजरचा मूळ पासवर्ड मॅनेजर. सिस याचा तर चेंज_ऑन_इन्स्टॉल, म्हणजे बसवतानाच मला बदला असे तो बिचारा स्वतःच सांगत होता, आणि वर्षानुवर्षे लोक तीच विनवणी टाइप करून लॉगिन करत राहिले. स्कॉट या यूजरचा पासवर्ड टायगर, ओरॅकलच्या सुरुवातीच्या इंजिनिअरांपैकी ब्रूस स्कॉट यांच्या मुलीच्या मांजरीचे नाव. सॅपवाले जर्मन, शिस्तीचे. त्यांच्या सर्वाधिकारी यूजरचा मूळ पासवर्ड ०६०७१९९२, साधी तारीख.

या पार्श्वभूमीवर नव्वद दिवसांचे व्रत काकांच्याच गळ्यात का, हे मला उलगडत नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डची मार्गदर्शक तत्त्वे लिहिली. आकडे, चिन्हे, ठरावीक मुदतीने बदल, ही जगभरची रीत मुख्यतः तिथून फोफावली. २०१७ मध्ये त्याच निस्टने सांगितले की मुदत संपली म्हणून बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला. बर यांनीही त्याच वर्षी जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. आमच्या ऑडिटच्या चेकलिस्टपर्यंत ही वार्ता अजून पोचायची आहे. शिवाय फुटल्याच्या निकषावर आपल्याला तर रोज बदलावे लागेल.

गेल्या ऑडिटला मी घाबरत घाबरत आपला विषय काढला होता. ऑडिटरसाहेबांनी काकांच्या पॉलिसीचा स्क्रीनशॉट घेतला, समाधानाने मान हलवली आणि आपल्या रकान्यात लिहिले: 'अपवाद. जोखीम व्यवस्थापनास मान्य.' खाली सही. चहा झाला.

आपल्याला हलवणे सोपे नाही, हे मान्य. आधी अ‍ॅप्लिकेशनच्या सगळ्या सर्व्हिसेस बंद. मग पासवर्ड बदलणारे एफएनडीसीपास चालवायचे, त्यात आपण आणि आपले जुळे बंधू अ‍ॅप्लसिस एकदमच बदलता. मग ऑटोकॉन्फिग. ई-बिझनेस सूट १२.२ असेल तर वेबलॉजिकच्या डेटा सोर्समध्येही नवे नाव. एखाद्या उत्साही पोराने हे सारे टाळून डेटाबेसमधून थेट आल्टर यूजर मारले, की दोन्हीकडच्या नोंदी जुळेनाशा होतात आणि कुणालाच लॉगिन मिळत नाही.

पण खरी भानगड काट्यावर आहे. गेटवरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर दर मिनिटाला आपले नाव घेऊन डेटाबेसचे दार ठोठावतो. ते नाव प्रोग्राममध्ये लिहून ठेवणारा व्हेंडर धंदा गुंडाळून गेला. समजा रविवारी आपल्याला बदलले. काटा जुन्याच नावाने ठोठावणार. आमच्या प्रोफाइलमध्ये ओरॅकलची मूळ मर्यादा आहे, दहा चुका झाल्या की अकाउंट लॉक. अकराव्या मिनिटाला ओआरए-२८०००, आणि लॉक होणार ते काट्याचे नव्हे, आपले. म्हणजे एका काट्यापायी पगार, इनव्हॉइस, ई-वे बिल सगळे ठप्प, आणि मालाच्या ट्रकची रांग थेट हायवेपर्यंत. ओरॅकल डेटाबेस ११जीपासून याच प्रोफाइलमध्ये पासवर्डला १८० दिवसांचे आयुष्य असते. ते तेवढे आम्ही पहिल्याच दिवशी अमर्याद करून आपल्याला चिरंजीव केले. चुकांची मर्यादा तशीच राहिली.

डाउनटाइम मागितला तर फायनान्स म्हणते महिनाअखेर आहे. महिनाअखेर संपली की जीएसटी रिटर्न, मग तिमाही, मग मार्च, मग ऑडिट. ऑडिट चालू असताना पासवर्ड बदलू नये, असा ऑडिटचाच नियम निघाला. दसऱ्याला कारखाना बंद असतो खरा, पण तेव्हा सर्व्हरला झेंडूची माळ आणि हळदकुंकू असते. पूजेतल्या देवाला हात लावायला मॅनेजरसाहेबांनी बंदी केली.

तरीही कळवण्यास आनंद वाटतो की अखेर कमिटी नेमली गेली आहे. कमिटीने आपण कुठे कुठे वास करता याची एक्सेल यादी केली: क्रॉनमधल्या स्क्रिप्टा, बँकेच्या पेमेंटची फाइल, बारकोडचा प्रोग्राम, प्लँट अकाउंटंटचा मॅक्रो, वजनकाटा. प्रत्येक ओळीसमोर 'जुना पासवर्ड' आणि 'नवा पासवर्ड' असे दोन रकाने आहेत, दोन्ही भरलेले. फाइल शेअर्ड ड्राइव्हवर आहे, म्हणजे सगळ्यांना सोयीने पाहता येते. तिला तरी पासवर्ड घालावा, अशी सूचना मी केली. ती तत्त्वतः मंजूर झाली असून, कोणता घालावा यावर सोमवारी मीटिंग आहे. काकांनी पांडुरंग-आठ सुचवला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
रात्रपाळीचा डीबीए