सर्व वाटांची गाडी : नेसरीकर नवशिक्यांसाठी निवड-मार्गदर्शक

शेतात राबणारी आणि सुट्टीत मौजेला उपयोगी पडणारी अशी एकच गाडी हवी, असं मनात आलं की माणूस मोबाइलवर एटीव्हीचे व्हिडिओ बघत बसतो. मोटारसायकलचं हँडल, चार फुगीर टायर, ना टप ना दरवाजा, आणि वर बसलेला गोरा गडी ओढ्यातून पाणी उडवत निघालेला. कामाच्या दिवशी तो कुंपणाचे खांब वाहतो, रविवारी हौसेनं चिखलात जातो. नेसरीत चिखलात जायला रविवार लागत नाही. जून ते सप्टेंबर चिखलच आपल्याकडे येतो. तेव्हा व्हिडिओ बंद करा आणि पुढच्या सूचना क्रमानं वाचा. क्रम मध्येच बिघडणार आहे.

पायरी पहिली. गडहिंग्लजच्या शोरूमला जाण्याआधी आपल्या पाणंदीला जाऊन या, तेही भर पावसात आणि चप्पल हातात घेऊन. पाय घोट्यापर्यंत रुतला तर कुठलीही गाडी चालेल. पोटरीपर्यंत गेला तर चारही चाकांना जोर मिळणारी बघा. गुडघ्यापर्यंत गेला तर म्हैस घ्या, ती दूध तरी देईल. मग टेप लावून पाणंदीची रुंदी मोजा. गावनकाशावरची रुंदी विचारात घेऊ नका; ती आणि प्रत्यक्षातली रुंदी यांतला फरक शेजाऱ्याच्या उसात उभा असतो.

पायरी दुसरी. भावकी मोजा. गाडीची ताकद हॉर्सपॉवरमध्ये सांगतात, आयुष्य मात्र भावकीवर ठरतं. आरसी बुकात एकच नाव असलं तरी सातबाऱ्यावर जितकी नावं, तितके चालक धरून चालावं. हा आकडा कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो, आणि सगळा हिशेब इथंच फसतो.

आता खऱ्या एटीव्हीकडे येऊ, म्हणजे हौस फिटेल. अमेरिकेतल्या पोलारिस कंपनीनं 2011 मध्ये भारतात दुकान मांडलं. तिच्या गाड्या रस्त्यावर आणायची परवानगी नव्हती. रिसॉर्टच्या आवारात, फार्महाऊसवर फिरवा म्हणत. मग 2020च्या सुमारास तिचं स्पोर्ट्समन 570 हे मॉडेल इथं चक्क ट्रॅक्टर म्हणून नोंदवून रस्त्यावर आलं. किंमत तेव्हा आठ लाखांच्या घरात. ज्या गाडीचं नावच खेळाडू, तिला नंबरप्लेट मिळवायला शेतकरी व्हावं लागलं. आपल्याकडे जमीन घेणाऱ्या शहरी लोकांना ही वाट नवी नाही.

या गाडीवर माल ठेवायला पुढं एक जाळी, मागं एक जाळी. पुढच्या जाळीची क्षमता 41 किलो, मागच्या जाळीची 82. बेरीज 123. टीव्हीएसची एक्सएल 100 कागदावर 130 किलो भार पेलते, आणि बाजारच्या दिवशी तो कागद कुणी वाचत नाही. आठ लाखांत डझनभर एक्सएल येतात. सगळ्या भावकीला एकेक वाटून वर पेट्रोलचे पैसे उरतील.

पोलारिसच्या टायरचं मात्र मनापासून कौतुक करायला हवं. एटीव्हीच्या टायरमध्ये जेमतेम पाच-सात पौंड हवा भरतात. टायर जमिनीवर पसरतो, वजन विभागलं जातं आणि गाडी चिखलात रुतायच्या ऐवजी त्याच्यावरनं जाते. अडचण पंक्चरच्या दुकानात येते. पाच पौंड म्हटल्यावर तिथला पोरगा आधी तुमच्याकडे बघतो, मग टायरकडे, आणि "आण्णा, टायर बसलाय की हो" म्हणत तीस पौंड भरून देतो. पुढचा प्रवास उड्या मारत होतो.

काम आणि मौज एकाच गाडीत बसवायचा प्रयत्न आपल्या देशात झालाच नाही असं नाही. आयशर आणि पोलारिस यांनी मिळून 2015 मध्ये जयपूरला मल्टिक्स नावाची गाडी काढली. डिझेलवर चालायची, घरातली पाच माणसं बसायची, मागं सामान राहायचं, आणि गाडीच्या इंजिनातून तीन किलोवॅट वीज मिळायची. लाइट गेली की घरातले दिवे लावा, नाहीतर पंप चालवा. भारनियमनात वाढलेल्या माणसाला याहून मोठं स्वप्न पडत नाही. 2018 मध्ये दोन्ही कंपन्यांनी तो भागीदारीचा व्यवसाय गुंडाळला. माझं मत असं की गाडीत खोट नव्हती. ती कार म्हणावी तर लग्नाला नेता येईना, टेम्पो म्हणावा तर भाडं मिळेना. गाडी काय आहे हे चारचौघांत एका शब्दात सांगता आलं नाही, तर गाव ती गाडी घेत नाही.

पॉवर टिलर मात्र एका शब्दात सांगता येतो, आणि या भागाची खरी एटीव्ही म्हणायची तर तीच. साधारण 13 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. भातखाचरात लोखंडी चाकं लावून चिखलणी करा, खाचर झालं की रबरी चाकं चढवा, मागं छोटी ट्रॉली जोडा आणि शेणखत, वैरण, बी-बियाणं, म्हातारी असं सगळं घेऊन निघा. वेग इतका की वाटेत भेटणाऱ्याशी बोलणं पुरं करता येतं. दोन्ही मुठींजवळ एकेक क्लच असतो. डावीकडे वळायचं तर डावा दाबायचा. त्या चाकाचा जोर सुटतो, उजवं चाक ढकलतं आणि टिलर डावीकडे वळतो.

नवशिक्यानं पुढचं वाक्य दोनदा वाचावं. तीव्र उतारावर हे सगळं उलटं होतं. तिथं इंजिन चाकांना ढकलत नसतं, रोखून धरत असतं. डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं सुटून पुढं पळतं, उजवं इंजिनानं धरलेलं राहतं, आणि टिलर जातो उजवीकडे, म्हणजे बहुधा चरीत. हे पुस्तकात वाचून शिकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळ्यांना चरीनंच शिकवलंय. म्हणून नेसरीच्या खिंडीसारख्या ठिकाणी टिलर हळू घ्यावा. त्या खिंडीत बेभान सुटायचा मान 24 फेब्रुवारी 1674 पासून प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांचा आहे. खताची ट्रॉली जोडलेल्या माणसानं तो मागू नये.

मिनी ट्रॅक्टर हा टिलरचा शिकलेला भाऊ. महिंद्राचा युवराज 15 हॉर्सपॉवरचा, 2021 मध्ये आलेला स्वराज कोड त्याहून लहान, 11 हॉर्सपॉवरचा. चार-साडेचार फुटी सरीत बाळभरणीला असला ट्रॅक्टर सोन्यासारखा. ऊस डोक्याच्या वर गेला की कुठलंच यंत्र आत शिरत नाही, आणि मग गाडी मौजेला मोकळी होते. अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा आणि पूर्वसंमती येईपर्यंत बिल करू नका. आधी बिल केलं तर अनुदान जातं, वाट बघत बसलं तर हंगाम जातो. यातलं काय घालवायचं ते घरात बसून ठरवावं.

दुचाकीचा विषय एका वाक्यात संपवतो: कंपनीनं केव्हाच बंद केलेली बजाज एम-80 कुणी विकत असेल तर किंमत न विचारता घ्या, कारण तिच्यावर दुधाच्या दोन किटल्या, गवताचा भारा आणि शाळेची दोन पोरं बसलेली या भागानं पाहिलेली आहेत.

आता मौज. पाश्चात्त्य पुस्तिकांत यासाठी वेगळं प्रकरण असतं: हेल्मेट, गॉगल, जंगलातली वाट. आपल्याकडे कामाचीच गाडी स्पर्धेत उतरते. जत्रेत ट्रॅक्टरला ट्रॉली लावून उलट दिशेनं, म्हणजे रिव्हर्स, सरळ रेषेत पळवायची शर्यत लावतात. हँडल डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, चूक सुधारायला गेलं की दुप्पट जाते, आणि बघणारी दोन-चारशे माणसं सगळीच तज्ज्ञ. कोल्हापूरकडच्या चिखलगुठ्ठ्याच्या शर्यतीत बैल खाचरातनं पळतात, तेव्हा वरच्या गड्याचा चेहरा शेवटाला ओळखू येत नाही. त्या व्हिडिओतल्या गोऱ्या गड्यानं एकदा इकडे यावं. ट्रॉलीत माणसं भरून यात्रेला नेणं मात्र कायद्यानं मना आहे. आंबोलीला धबधबा बघायला जायचं असेल तर वडाप बघा.

शोरूममध्ये चाचणी घेताना बरोबर घरातलं एक वडीलधारं माणूस न्या. विक्रेता टॉर्क, गिअर, डिफरन्शिअल लॉक सांगत राहील; तुम्ही मान डोलवत राहा. चुलते गाडीभोवती एक फेरी मारून दोनच प्रश्न विचारतील.

"हिला ट्रॉली लागतीया न्हवं?"

"आन् म्हातारी चढतीया का हिच्यात? दवाखान्याला न्यायची झाली तर?"

दोन्हींना होय उत्तर आलं तर चुलते आगाऊ रक्कम द्यायला सांगतील. एकाला जरी नाही आलं तरी ते रसवंतीत जाऊन बसतील आणि तुम्हीही तिकडेच जावं.

गाडी घरी आली की चाकाखाली लिंबू ठेवा, नारळ फोडा, पेढे वाटा. पेढे घ्यायला येणाऱ्यांची नावं नीट लक्षात ठेवावीत, कारण गाडी न्यायला त्याच क्रमानं येतात. पहिला माणूस साधारण तिसऱ्या दिवशी, सकाळी, चहाच्या वेळेला येतो आणि बराच वेळ पावसाविषयी बोलतो. त्याला चावी द्यावी. नाही म्हणायची पद्धत या भागात अजून निघालेली नाही. डिझेल भरून आण, असं मात्र सांगू नये. तो हो म्हणतो.