सशाच्या काकू

आमच्या इमारतीत कुणाकडे पाळणा हलणार ही बातमी आधी डॉक्टरांना कळते, मग काकूंना, आणि त्यानंतर सवडीने होणाऱ्या आजीला. संध्याकाळी साडेपाचला काकू वॉचमनच्या खोलीशेजारच्या बाकावर येऊन बसतात, पिशवीतून लोकरीचा गुंडा काढतात, आणि बाकीच्या बायका आधी गुंड्याचा रंग बघतात. राखाडी किंवा बदामी असेल तर नेहमीचं काम. पण लिंबू किंवा पोपटी रंग बाहेर आला की समजायचं, बी विंगमध्ये कुणाला तरी कैऱ्या आठवायला लागल्यात. गुलाबी आणि निळी लोकर काकू कटाक्षानं घेत नाहीत. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४चा कायदा त्यांनी लोकरीलाही लावला आहे.

काकू माझ्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठ्या. तरी सगळी इमारत काकू म्हणते म्हणून मीही काकू म्हणतो, आणि त्या मला भावजी म्हणतात. या नात्याचा हिशेब लावायच्या भानगडीत कुणी पडत नाही. हिशेबाची सगळी ताकद त्या बाकावर टाके मोजण्यात खर्च झालेली असते.

आमच्या काकू लोकरीचे ससे विणतात. अशी काकू आता सोसायटीगणिक एक तरी असतेच. डोंबिवलीला माझ्या बहिणीच्या इमारतीतल्या कासवं करतात. नाशिकच्या एका ओळखीच्या बाईंनी गणपतीत उंदीर करून वाटले, ते घेताना लोक जरा बिचकले. ओळखायची खूण सोपी आहे: बांगडीला तीन-चार सेफ्टी पिना, खांद्याला कापडी पिशवी आणि समोरच्याशी बोलताना ओठांची बारीक हालचाल. ती हालचाल तुमच्या बोलण्याला दाद नसते. ती 'सतरा, अठरा, एकोणीस' असते.

काकू क्रोशा शिकल्या त्या रुखवतासाठी. तोरण, ताटावरचे रुमाल, कडेनं मणी ओवलेली तांब्याची झाकणं असा सगळा ऐवज त्यांच्याबरोबर सासरी आला. लग्नानंतर ही कला टीव्हीवर स्थिरावली. पेटीएवढा टीव्ही, त्यावर क्रोशाचा जाळीदार रुमाल, रुमालाचं एक टोक पडद्यावर लोंबणारं, त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंच्या कपाळावर कायम नक्षी. मग भिंतीला टांगायचे चपटे टीव्ही आले आणि रुमालाची बसायची जागाच गेली. क्रोशा मागे का पडला याची बदलती जीवनशैली वगैरे कारणं लोक सांगतात. माझ्या मते कारण एवढंच, की दोन इंच जाडीच्या वस्तूवर रुमाल टिकत नाही.

पुढची कित्येक वर्षं काकूंचे हात रिकामे होते. २०२०च्या टाळेबंदीत भाच्यानं त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात एक रशियन बाई रशियनमध्ये ससा विणत होती. काकूंना रशियन येत नाही, आणि मोबाइलचा आवाज कमी कसा करायचा हेही तेव्हा येत नव्हतं. त्यामुळे पंधरा दिवस आमच्या जिन्यात रशियन घुमत होतं. पण सुईचा आकडा कुठून आत जातो आणि काय ओढून बाहेर येतो एवढं दिसलं, की भाषेवाचून काही अडत नाही. सोळाव्या दिवशी पहिला ससा झाला. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे गाढव."

या प्रकाराला अमिगुरुमी म्हणतात हे कळल्यावर मात्र काका काळजीत पडले. बायको कुठल्याशा गुरूच्या नादी लागली असा त्यांचा समज. मी त्यांना समजावलं, की शब्द जपानी आहे, 'अमि' म्हणजे विणणं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण घालून केलेलं खेळणं, त्या दोहोंचा हा जोडशब्द. काका म्हणाले, "म्हणजे देणगी द्यावी लागत नाही ना?" द्यावी लागतेच. फक्त ती रविवार पेठेतल्या लोकरीच्या दुकानात द्यावी लागते आणि पावती मिळत नाही.

तसा ससा म्हणजे सहाचा पाढा. पहिल्या फेरीला सहा टाके, दुसरीला बारा, तिसरीला अठरा, असं छत्तीसपर्यंत चढायचं. छत्तीसवर सात-आठ फेऱ्या मुक्काम करायचा. मग पाढा उलटा म्हणत अठरापर्यंत उतरायचं, ती मान. मानेवरून पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं, ते डोकं. दोन लांबट कान वेगळे विणून शिवायचे आणि दोन बोटांवर लोकर गुंडाळून मधोमध आवळली की शेपटी. फेरी कुठे सुरू झाली ते कळावं म्हणून पहिल्या टाक्यात खुणेची चिमटी अडकवतात. काकू बांगडीची सेफ्टी पिन अडकवतात.

घोळ होतो तो परिभाषेमुळे. मराठी क्रोशात साखळी असते, खांब असतो, आणि सगळ्यात बुटका टाका म्हणजे मुका खांब. ससा नखशिखान्त मुक्या खांबांचा. पण शिकवण्याच्या भरात त्यातला 'खांब' गळून पडतो. "हे बघ, आधी गोलात सहा मुके घ्यायचे," काकू सी विंगमधल्या नव्या सुनेला मोठ्यानं सांगत होत्या, "मग प्रत्येक मुक्यात दोन मुके. तिसऱ्या फेरीला एकात एक आणि पुढच्यात दोन. घाई नाही करायची, आणि मोजल्याशिवाय एकही घ्यायचा नाही." नवा वॉचमन त्यानंतर दोन दिवस बाकाच्या बाजूला फिरकला नाही. काकांनी पेपर खाली न घेताच शेरा मारला, "सत्तेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. एवढी उधळपट्टी सशाच्याच नशिबात."

मोजताना काकूंना हाक मारायची नाही, हा नियम इमारतीतलं शेंबडं पोरही पाळतं. तो मोडला आमच्या सेक्रेटरींनी. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव मताला आला. सेक्रेटरींनी हात मोजता मोजता पुढच्या रांगेकडे पाहून विचारलं, "किती झाले?" काकू म्हणाल्या, "छत्तीस." ते लिहिलं गेलं. आमच्याकडे सभासद चोवीस. ठराव छत्तीस विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायमही झालं, आणि टाकी गळायची थांबली. एवढं एकमत आमच्या सोसायटीत ना आधी झालं होतं, ना नंतर.

सशाच्या पोटात काय भरायचं, यावर काकूंनी बराच अभ्यास केला. पहिल्या सशांत जुन्या उशीचा कापूस होता. धुतल्यावर त्याचे गोळे झाले आणि ससे पोटदुखी झाल्यासारखे दिसायला लागले. मग उशांत घालतात तो पॉलिएस्टरचा फायबर आला. तो किलोवर मिळतो. दोन किलो फायबर आणायला काका स्कूटर घेऊन गेले, दोन किलोला पिशवी कशाला म्हणून हात हलवत गेले. येताना पुढे एक पोतं, मागे एक पोतं आणि मध्ये काका, असा तो ढग लक्ष्मी रस्त्यावरून निघाला. चौकात हवालदारानं अडवलं. काय आहे विचारल्यावर काका खरं तेच बोलले, "ससे आहेत. अजून व्हायचेत." हवालदारानं हात जोडून वाट मोकळी केली.

एका बाबतीत काकू कुणाचं ऐकत नाहीत, ती म्हणजे डोळे. बाजारात या खेळण्यांसाठी चकचकीत प्लास्टिकचे डोळे मिळतात, मागून चकती दाबून बसवायचे. एका आधुनिक आईला तेच हवे होते, फोटोत उठून दिसतात म्हणून. काकूंनी तसा एक ससा तिच्या नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चाव." तो एका मोठ्या कंपनीत व्यवस्थापक आहे, पण चावला. तिसऱ्या चाव्याला डोळा निघून त्याच्या जिभेवर आला. तेव्हापासून तीन वर्षांखालच्या मुलांचे ससे काळ्या दोऱ्यानं भरलेल्या डोळ्यांनीच बघतात. गालावर एक बारीक टाका जास्त असतो, ती तीट. तोंड काकू करत नाहीत. "घरात बोलणारे पुष्कळ असतात," म्हणतात, "एक तरी ऐकणारा असू दे."

मागच्या वर्षी एका बारशात तर त्यांनी धर्मसंकट उभं केलं. पाळण्याखालून-वरून फिरवायला कुंची घातलेला वरवंटा हवा, आणि त्या घरात वरवंटाच नव्हता, नुसता मिक्सर. मिक्सरला कुंची घालणार कशी? काकूंनी पिशवीतून ससा काढला. मुलाची पणजी कडाडली, "दगडासारखं घट्ट आयुष्य व्हावं म्हणून दगड फिरवतात, हे काय कापसाचं!" काकूंनी ससा पणजींच्या हातात दिला. त्यांनी दाबून पाहिला. काकूंचं भरण दाबून केलेलं असतं आणि टाका असा, की त्यातून फायबरचा धागा डोकावणार नाही. पणजी जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "घट्ट आहे, फिरवा."

खरी पंचाईत होते ती कुणी किंमत विचारली की. एका सशाला काकूंचे सात-आठ तास जातात. समोरच्या इमारतीतल्या बाई आल्या, ससा हातात घेऊन कौतुक केलं आणि म्हणाल्या, "दीडशेला द्या. तुळशीबागेत असाच मिळतो." काकू म्हणाल्या, "मग तिथूनच घ्या, त्यालाही घर मिळायला हवं." बाई हटल्या नाहीत. "अहो, पण तुम्ही रिकाम्या वेळात तर करता!"

हे वाक्य फार जुनं आहे. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस रुजवली, ती घराघरातून परदेशी जाऊ लागली, आणि विणणाऱ्या बायकांच्या हातावर चिल्लर पडायची ती याच हिशेबानं, की या काय, घरबसल्या फावल्या वेळात करतात. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. काकूंनी ते वाचलेलं नाही. त्यांनी फक्त ससा बाईंच्या हातातून काढून घेतला, त्याचा कान सरळ केला आणि पिशवीत ठेवला. पुढच्या महिन्यात त्याच बाईंच्या नातवाला तो फुकट गेला. विकायचा नाही आणि द्यायचा सोडायचा नाही, असा त्यांचा व्यवहार. काका म्हणतात, मी बँकेत असतो तर हिला कर्ज दिलं नसतं.

मी या सगळ्यापासून लांब होतो. पण माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे घरी बसणं आलं, आणि चौथ्या दिवशी बायकोनं काकूंना बोलावून आणलं. काकूंनी तीन नंबरची सुई आणि राखाडी लोकर माझ्या हातात ठेवली. पहिल्या दिवशी माझा टाका इतका आवळलेला, की सुई आत जाईना. काकूंनी विणकाम डोळ्यांजवळ नेलं आणि निदान केलं, "भावजी, तुमचा हात आखडता आहे." स्वयंपाकघरातून बायको इतकी हसली, की कुकरची शिट्टी मोजायची राहिली.

मग मी उदार व्हायचं ठरवलं आणि सढळ हातानं टाके वाढवत गेलो. चौथ्या फेरीनंतर ससा बाजूलाच राहिला, हातात कोबीच्या पानासारखी मुरडलेली झालर आली. मी इंटरनेटवर शोधून बचावाची तयारी केली. "काकू, १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना नावाच्या गणिताच्या बाईंनी मुद्दाम असंच जास्त टाके घालून क्रोशा केला होता. भूमितीतला एक वक्र पृष्ठभाग कागदावर नीट दाखवता येत नाही, तो त्यांनी लोकरीत करून विद्यार्थ्यांच्या हातात दिला."

"करू दे त्यांना," काकू म्हणाल्या, "त्यांच्याकडे रविवारी डोहाळजेवण नाहीये." आणि धाग्याचं टोक धरून त्यांनी माझी सगळी भूमिती सर्रकन उसवली. तीन दिवसांचं काम दहा सेकंदात गेलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मी मात्र जेवलो नाही.

पाचव्या खेपेला जे झालं त्याला दोन कान होते, एवढं नक्की. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हे गाढव आमच्या गाढवापेक्षा बरं आहे."

परवा संध्याकाळी काठी टेकत खाली गेलो, तर काकूंच्या मांडीवर लिंबू रंगाचा गुंडा. मी सवयीनं बी विंगकडे पाहिलं. काकूंनी फेरी पूर्ण केली, पिन अडकवली आणि विचारलं, "भावजी, टोरांटोला जानेवारीत थंडी किती असते हो?"

"पुष्कळ," मी म्हणालो. "का?"

"कानांनाही आतून दुहेरी करावं म्हणते." मग जरा थांबून, "काल तुमच्या लेकीचा फोन होता. साधा ससा कसा करतात विचारत होती. घरी अजून सांगितलं नाहीये म्हणाली, तेव्हा तुम्हाला काही माहीत नाही."

मी बाकावर बसलो. काकूंनी पिशवीतून दुसरी सुई काढली, गुंड्याचं आतलं टोक शोधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "कान तुम्ही करा. सैल हातानं."

घरी आलो तर बायको दारातच उभी. "काय म्हणत होत्या काकू एवढं? आणि ही पिवळी लोकर कसली?"

मी एक बोट वर केलं. "अठरा," म्हणालो, आणि आत जाऊन बसलो.