टकटक की टपटप?

आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीत नुसतं ‘आवाज येतो’ लिहून भागत नाही. कसला येतो ते लिहावं लागतं, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. टकटक म्हणजे वरच्या आजोबांची काठी. तिथे गप्प बसायचं. खटखट म्हणजे खिडकीची सैल कडी, सुताराला फोन. ठकठक म्हणजे कुणीतरी खिळा ठोकतंय, तेही भर दुपारी, पुण्यात! पण टपटप म्हटलं की संपलं: गळती, प्लंबर आणि बिल वरच्या मजल्याला. त्यामुळे गेल्या सभेत वरचे काका ‘टकटकच आहे’ म्हणून अडून बसले आणि खालच्या काकू ‘टपटप’ सोडेनात. शेवटी सेक्रेटरींनी इतिवृत्तात ‘टिपटिप’ लिहिलं. म्हणजे अर्धं बिल.

शाळेत या मंडळींना ‘अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द’ म्हणतात आणि एका मार्कात उरकतात. अनुकरण म्हणे! गळू ठसठसतं, पण त्याला कान लावून कुणी ऐकलंय? पंगतीत लोक जिलबीच्या ताटाकडे टकाटका बघतात, तेव्हा खरंच आवाज होत असता तर सनईवाल्याला बिदागी कशाला दिली असती? उलट कुडमुडे जोशी बघा. हातातल्या चिमुकल्या कुडमुड्यावरून त्यांना नाव पडलं, आणि पुढे आपण ते कुठल्याही अर्धवट ज्योतिषाला चिकटवून मोकळे झालो.

या खात्यातला खरा उस्ताद म्हणजे तांबट पक्षी. चिमणीहून जरासा मोठा, कपाळावर लाल टिळा. उन्हाळ्यात वडा-पिंपळावर बसून टुक, टुक, टुक. चोच मिटलेलीच, फक्त गळा फुगतो नि बसतो. मधूनमधून मान वळवतो, म्हणून आवाज नेमका कुठून येतोय ते कळतच नाही. कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्यांची हातोडी ज्यांनी ऐकलीय, त्यांना त्याच्या नावाचं कोडं पडत नाही.

वेग मिनिटाला सुमारे 110. सरकारी लिपिकाच्या जाहिरातीत मराठी टंकलेखनाला मिनिटाला 30 शब्द पुरतात. आता याला येतो एकच शब्द, ‘टुक’. पण अर्ज घेऊन खिडकीशी ताटकळणाऱ्याला एरवी तरी टुकटुकपलीकडे काय मिळतं?